पिंपातलं स्वच्छ पाणी

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: घाटकोपरच्या डोंगरावरची वस्ती, पत्र्याची एक खोली, कोपऱ्यात निळं पिंप आणि गोधडीखाली हुडहुडणारा छोटा विकी. त्याला पुन्हा मलेरिया झाला होता. उशाशी बसलेली त्याची ताई, संघमित्रा, रागानं धुमसत होती.

खाली गटारावर डासांचा धूर मारून पालिकेची माणसं निघून गेली होती. तेव्हा समोरच्या टॉवरमधल्या एक बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या होत्या, "तुमच्या घाणीमुळेच होतं हे!"

"साफ खोटं आहे, आजी!" ते आठवून संघमित्रा उसळली. "मलेरियाचा डास गटारात नाही वाढत. शाळेत बाईंनी चित्र दाखवलंय ना. पंखांवर काळे ठिपके, आणि बसतो कसा, तर ढुंगण वर करून! त्याला स्वच्छ पाणी लागतं."

"मग आपल्याकडं कुठनं आला मेला?" आजी, सोनूबाई, म्हणाली. "आपलं पाणी तर आरशासारखं!"

 संघमित्रानं उठून पिंपावरची फळी सरकवली आणि मोबाईलचा उजेड पाडला. पाण्याच्या पृष्ठभागावर काडीसारख्या बारीक अळ्या आडव्या पसरल्या होत्या. ती वाकताच त्या वळवळत खाली पळाल्या.

"आजी, ओतून टाकू हे सगळं."

"हात तर लावून बघ!" सोनूबाई कडाडली. "गावात विहिरीला शिवू देत नव्हते गं आम्हाला. कुणी वरनं ओंजळीत ओतलं तर प्यायचं, नाहीतर तसंच घरी. मी पाणी सांडत नसते."

म्हणूनच दिवसाआड नळ आला की ती पिंपात भर घालायची. तळ कधी दिसूच द्यायची नाही.

आजीवर कसं चिडायचं? संघमित्राचा संताप समोरच्या टॉवरकडे वळला. त्यांच्या नळाला रात्रंदिवस पाणी. आम्ही साठवायचं नाही तर प्यायचं काय? आणि वर घाणेरडे आम्हीच!

विकी कण्हला. संघमित्रानं डोळे पुसले आणि शेजारच्या बादल्या, हंडे मागून आणले. आजीचं मऊ जुनं पातळ दुहेरी करून एकेका भांड्याच्या तोंडाला बांधलं आणि तांब्या तांब्यानं सगळं पाणी गाळलं. थेंबही सांडला नाही. सोनूबाई डोळ्यांत तेल घालून बघत होती. मग संघमित्रानं रिकामं पिंप काथ्यानं घासघास घासलं, उन्हात उपडं घातलं आणि अळ्यांनी भरलेलं पातळ, अळ्या वाळून मराव्यात म्हणून, तापलेल्या पत्र्यावर पसरलं.