न मागणारा शोधून दाखवा

प्रोजेक्ट म्हणजे चकचकीत कागद, चिकटवलेली चित्रं आणि घरच्यांचं अक्षर, अशी त्या शाळेची अढळ श्रद्धा होती. विज्ञानाच्या बाईंनी ती पहिल्याच तासाला मोडीत काढली.

"बाई, निष्कर्ष काय लिहायचा?" पुढच्या बाकावरून विचारणा झाली.

"अरे, पेशंट बघायच्या आधीच औषध?"

बाई शिकवायच्या त्याही कीर्तन केल्यासारख्या. आधी प्रश्न मांडायचा, तो वर्गाकडून घोळवून घ्यायचा, मग गोष्टीत शिरायचं, आणि उत्तराला शेवटपर्यंत दाराबाहेर ताटकळत ठेवायचं. "जे निघेल तेच...?" त्या सूर लावायच्या. "लिहायचं!" वर्ग मागून झील ओढायचा. शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर दार लावून घ्यायचे.

विषय निवडताना खुसपट उभी राहिली. कशातही खुसपट काढते म्हणून तिचं हे नाव, घरीही तेच चालायचं. आजवर तिचे सगळे प्रोजेक्ट मोठ्या भावानं केलेले. हा पहिलाच तिचा स्वतःचा, आणि तो प्रदर्शनात लागला तर बघायला आई कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढून येणार होती.

"परीक्षेआधी प्रार्थना केली तर मार्क वाढतात का?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई स्वतः हात जोडल्याशिवाय खडूला शिवत नसत. त्यांनी छताकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. छतानं हरकत घेतली नाही.

"घे," बाई म्हणाल्या. "पण तुलना कशाशी करणार?"

"प्रार्थना न करणाऱ्यांशी."

"शाबास! आणि कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरव. हुशार एकीकडे आणि ढ एकीकडे असं नको."

चिठ्ठ्या पडल्या. गणिताच्या चाचणीआधी अर्ध्या वर्गानं प्रार्थना करायची, अर्ध्यानं तोंड मिटून बसायचं. न करणाऱ्यांत वर्गाचा 'पुरावा'ही होता. दर वाक्याला 'पुरावा काय?' विचारणारा हा मुलगा देव मानत नसे. तो खूश झाला. "मला तर काहीच करायचं नाहीये!"

चाचणी झाली. मग खुसपटनं दोन्ही गटांकडून वेगवेगळ्या, बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या : खरं सांगा, प्रार्थना केलीत का? चिठ्ठ्या वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

"बाई, घात झाला. न करणाऱ्या गटातल्या सगळ्यांनी केली!"

एकानं लिहिलं होतं, 'हात जोडले नाहीत, फक्त मनात.' दुसरीनं, 'देवा, आज प्रयोग आहे म्हणून तुला हाक मारत नाही, राग मानू नकोस, एवढंच म्हटलं.' आणि एका चिठ्ठीत, ओळखू येईल अशा तिरप्या अक्षरात : 'तू असलास तर बघ. नसलास तर सोड.'

"पुराव्या, तूसुद्धा?"

"गणित होतं गं!" तो कळवळून म्हणाला.

बाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आता काय करायचं?"

"जे निघालं तेच लिहायचं," खुसपट पडलेल्या आवाजात म्हणाली. आणि तिनं ते लिहिलं.

प्रदर्शनाच्या सकाळी हेडसर हॉलमध्ये आले. त्यांच्या बगलेत रंगाऱ्याकडून करून घेतलेली पाटी होती : 'प्रार्थनेने गुण वाढतात – एक शास्त्रीय सत्य'. संस्थेचे अध्यक्ष पाहुणे होते. प्रार्थनेचा लाउडस्पीकर त्यांनीच दिलेला. हेडसरांनी खुसपटचा तक्ता वाचला : 'काहीही सिद्ध झाले नाही. कारण, प्रार्थना न करणारा कोणीच सापडला नाही.'

"हे काय? ही पाटी लाव, नाहीतर तक्ता उतरव."

खुसपटनं दाराकडे पाहिलं. आई आली होती, ऑफिसच्याच कपड्यांत, मान उंचावून पोरीचा तक्ता शोधत. खुसपटचा हात पाटीकडे गेला, थांबला. तिनं बाईंकडे पाहिलं.

बाईंनी आधी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांशी वाकडं घेऊन कोणाचं भलं झालं होतं? पण पोरगी बघत होती. आणि तो छतापलीकडचाही बघत असणार, ही तर त्यांची रोजची खात्री.

"सर, जे निघेल तेच...?" बाईंनी हळूच सूर लावला.

"लिहायचं!" हॉलभरची पोरं सवयीनं ओरडली.

तेवढ्यात अध्यक्ष आत आले ते थेट त्या ओरड्याच्या दिशेनंच. हेडसर पाटी पाठीमागे लपवून भिंतीला चिकटले आणि त्यांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी तक्ता वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांचं पोट हलायला लागलं.

"अहो, मी आत्ता गाडीतून उतरताना देवाला म्हटलं, भाषणं आवरती होऊ देत! माझं नाव घाला यात. तक्ता दाराशी लावा, सगळ्यांना दिसू दे."

ते पुढे गेले. खुसपटची आई तक्त्यापाशी येऊन अक्षर न् अक्षर वाचू लागली. खुसपट मात्र पेन काढून हेडसरांसमोर उभी.

"सर, मघाशी तुमचे ओठ हलत होते. काय मागितलंत?"

"त्यांची नजर तुझ्या तक्त्यावर पडू नये," हेडसर कसनुसं हसत म्हणाले.

"म्हणजे प्रार्थना फळली नाही!" खुसपट लिहायला वाकली.

बाईंनी तिचं पेन धरलं. "एकाच उदाहरणावरून निष्कर्ष, खुसपटबाई?"