हेडमास्तरांचा ठसका

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या बातम्यांत निर्बंध उठल्याचं जाहीर झालं, तेव्हा समोरच्या इमारतीत कुणीतरी आनंदानं शिट्टी मारली. चष्मेवाल्यानं मात्र टीव्ही बंद केला. सोमवारपासून दुकानं पूर्ण वेळ उघडी. मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर. दुकानांपुढे अंतर राखायला आखलेले पिवळे गोल पुसले तरी चालतील.

"उठले बाई एकदाचे निर्बंध," त्याची बायको म्हणाली. ती वाचनालयात मुलांच्या विभागात कामाला होती. वाचनालय गुरुवारी उघडणार होतं.

"तू लगेच जायलाच हवं का?" त्यानं विचारलं.

"अहो, दीड वर्ष झालं. पुस्तकं तरी ओळखतील की नाही मला, देव जाणे."

त्यांची नऊ वर्षांची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणत, ती खोलीभर नाचत होती. चष्मेवाला उठला आणि त्यानं खिडकी लावून घेतली. का लावली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तो काही जन्माचा भित्रा नव्हता. पण पहिल्या लाटेत बायको एकोणीस दिवस हॉस्पिटलात होती आणि ते एकोणीस दिवस तो हॉस्पिटलच्या आवारात, गाड्या लावायच्या जागेत उभा राहून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या बघत होता. तिची खिडकी कोणती, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. ती घरी आली तेव्हा अकरा किलोंनी उतरली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून म्हटलं होतं, "डाग राहतील. जपा. पुन्हा झालं, तर मी काही सांगू शकत नाही."

डॉक्टर ते बोलून विसरून गेले असतील, पण चष्मेवाल्याच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. पुढे दोन्ही लशी झाल्या, तरी ते हललं नाही. दुधानं पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हा पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला. दाराशी साबणाची बादली, भाजीला मिठाच्या पाण्याची आंघोळ आणि दिवसातून तीनदा बायकोच्या बोटाला प्राणवायू मोजायचं ते चिमट्यासारखं यंत्र. "आकडा किती?" हा त्याच्या घरातला नमस्कार झाला होता.

"नवरा आहात की वॉर्डबॉय?" बायको म्हणे. पण बोट पुढे करी.

सोमवारी त्यानं जीव मुठीत धरून दुकान पूर्ण वेळ उघडलं. त्याचा धंदाच असा, की लांबून करता येत नाही. चाचणीची जड फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायची, एकेक भिंग घालायचं-काढायचं आणि वीतभर अंतरावर वाकून विचारायचं, "हा बरा, की हा?" सकाळी तीन गिऱ्हाइकं झाली. तिघांचेही मास्क होते. त्याला वाटलं, निभेल.

चौथे आले हेडमास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी साऱ्या पेठेत ते हेडमास्तरच होते. तोंड उघडं, मिशीवरून नुकताच कंगवा फिरवलेला.

"सर, मास्क?"

"अरे, सरकारनंच सुट्टी दिलीय. घंटा झाल्यावर मुलं वर्गात बसतात का?"

चष्मेवाला लहानपणी त्यांच्याच वर्गात होता. उलट बोलायला जीभ अजूनही रेटेना. त्यानं फ्रेम चढवली. श्वासाची वाफ त्याच्या स्वतःच्या चष्म्यावर धरत होती, म्हणून त्यानं आपला मास्क क्षणभर नाकाखाली ओढला. क्षणभरच. तो वाकून म्हणाला, "हा बरा, की..." आणि हेडमास्तरांना ठसका लागला.

साधासुधा नाही. तोंडावर हात न्यायलाही त्यांना फुरसत मिळाली नाही. चष्मेवाल्याच्या गालावर, ओठांवर बारीक ओल उडाली. तो जागच्या जागी थिजला.

"काही नाही रे, सुपारीचा तुकडा," हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले. "चालू दे. पहिला बरा होता."

त्यानं तपासणी पुरी केली. मग मागच्या मोरीत जाऊन गाल लाल होईपर्यंत तोंड घासलं. सुपारी होती, तो स्वतःला सांगत राहिला. संध्याकाळी घरी बायकोला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर ती वाचनालयाच्या किल्ल्या पुसत गुणगुणत होती. दीड वर्षानं गुणगुणत होती. तो नेहमीसारखा तिच्या शेजारी बसून जेवला. मंगळवारीही तसाच जेवला.

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला दुकानात फोन आला. हेडमास्तरांच्या सुनेचा.

"बाबांना काल रात्री ॲडमिट केलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. सोमवारी ते तुमच्याकडे आले होते ना? म्हटलं, तुम्हाला कळवावं."

चष्मेवाल्यानं दुकानाची फळी ओढून घेतली. शेजारच्या औषधवाल्याकडून संच आणून त्यानं तिथेच स्वतःची चाचणी केली. एक रेघ आली, म्हणजे लागण नाही. पण डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की, लागण नवी असली तर चाचणी चुकू शकते. दोन दिवसांनी पुन्हा करा. बारीक अक्षरं वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. ती त्यानं पाच वेळा वाचली.

त्यानं घरी फोन लावला. "भिंग घासायचं मशीन बिघडलंय. मी दोन-तीन दिवस इथेच झोपतो म्हणतो."

"मशीन बिघडलं तर दुरुस्तीवाला झोपेल तिथे. तुम्ही कशाला?" बायको म्हणाली. मग जरा थांबून, "काय झालंय?"

"काही नाही," म्हणून त्यानं फोन ठेवला.

तासाभरानं पुन्हा फोन वाजला. भिंगरी होती. "बाबा, तुम्ही नाही म्हणून आकडा मीच बघितला. अठ्ठ्याऐंशी आलाय. तीनदा लावून बघितलं. बाबा, अठ्ठ्याऐंशी वाईट असतं ना?"

तिला हॉस्पिटलात नेलं, त्या दिवशी एकोणनव्वद होता. मी दिलं, त्याला वाटलं. दोन दिवस शेजारी बसून, घास घेता घेता, माझ्या हातानं दिलं. घरी जावं तर आणखी धोका, न जावं तर तिथे नऊ वर्षांची पोर एकटी. त्यानं दोन मास्क एकावर एक चढवले आणि धावत सुटला.

रस्ता माणसांनी फुलला होता. दीड वर्ष कोंडलेलं सगळं गाव जणू आजच बाहेर सांडलं होतं. उघडी तोंडं हसत होती, हाका मारत होती, एकमेकांच्या गळ्यात पडत होती. तो भिंतीला अंग घासत, श्वास रोखून त्यांच्यातून वाट काढत होता. एक ओळखीचा माणूस हात पसरून पुढे आला, तेव्हा चष्मेवाला अक्षरशः ओरडला, "लांब राहा!" माणूस खुळ्यासारखा बघत राहिला.

घरी बायको खुर्चीत सरळ बसली होती. ओठ निळे नव्हते. श्वास शांत होता. दारातूनच तो ओरडला, "दम लागतोय? छातीत दुखतंय?"

"मला काही होत नाहीये हो. ही पोरगीच रडून दमलीय."

"बोट दाखव."

तिनं हात पुढे केला. पाचही नखं गडद, जवळजवळ काळ्या जांभळ्या रंगानं रंगवलेली होती. उद्या आई कामावर जाणार म्हणून भिंगरीनं दुपारभर बसून दोन्ही हातांना नेलपॉलिश लावलं होतं.

"यंत्राला रंगातून दिसत नाही," तो कसाबसा म्हणाला. "एक नख पूस."

नख पुसलं. भिंगरीनं यंत्र लावलं. शहाण्णव. चष्मेवाला उंबऱ्याबाहेरच भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता ते रडण्यासारखं व्हायला लागलं.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही," म्हणत बायको त्याला उठवायला पुढे झाली.

"जवळ येऊ नकोस," तो म्हणाला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. ठसका, नाकाखालचा मास्क, सुनेचा फोन.

तिचं हसू मावळलं. "सोमवारी?"

"हो."

"म्हणजे दोन दिवस आपण एकत्र जेवलो. मी तुमच्या ताटातलं उचलून खाल्लं. आणि तुम्ही गप्प?"

"तू गुणगुणत होतीस," तो म्हणाला. दुसरं कारण त्याच्यापाशी नव्हतं.

"दीड वर्ष मला भाजीवाल्याशी बोलू दिलं नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि सांगायची वेळ आली तेव्हा..." तिनं वाचनालयात फोन करून दहा दिवस येत नसल्याचं कळवलं, किल्ल्या कपाटात टाकल्या आणि त्याची गादी आतल्या लहान खोलीत फेकली. ठेवली नाही, फेकली.

शुक्रवारी दोन रेघा आल्या. दुसरी फिकट होती, पण होती. बायकोची आणि भिंगरीची एकेकच रेघ. त्यानंतरचे दिवस त्याला तापापेक्षा घरातल्या आवाजांनीच जास्त जाळलं. बाहेर भांडं पडलं की तो उठून बसे. कुणी शिंकलं की ते कोण, हे ओळखायला कान दाराला लावी. स्वतःचा खोकला उशीत दाबी, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी बायकोनं खुर्ची ओढून बंद दाराबाहेर बसकण मारली. राग पुरता गेला नव्हता, पण आवाज मऊ झाला होता.

"तुम्हाला काय वाटतं, मला भीती नाही?" ती म्हणाली. "वॉर्डात शेजारची बाई गेली, तेव्हा त्यांनी आमच्यामध्ये पडदा ओढला. रात्रभर मी तो पडदा बघत होते. अजून दिसतो."

"मग बाहेर जायची एवढी घाई कसली?"

"घरात बसलं की तोच दिसतो म्हणून." मग ती म्हणाली, "घाबरू नका, असं मला म्हणायचं नाहीये. पण यापुढे घाबरलात तर सांगून घाबरा. एकट्यानं नाही."

"सांगेन," तो दाराआडून म्हणाला. आणि लगेच त्यानं सांगितलंही, की आत्ता, या क्षणी, ती दाराच्या इतक्या जवळ बसली आहे याचीच त्याला भीती वाटते. ती उसासा टाकून खुर्ची चार पावलं मागे घेऊन बसली. पण बसली.

ताप चौथ्या दिवशी उतरला. मायलेकींना शेवटपर्यंत काही झालं नाही. का झालं नाही, हे कोणत्याच डॉक्टरला सांगता आलं नाही. हेडमास्तरही बाराव्या दिवशी घरी आले. फोनवर त्यांचा आवाज धापा टाकत होता. "बाळ, चुकलं माझं," एवढंच ते म्हणाले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघ ओढणारा माणूस तो.

पुढच्या सोमवारी बायको कामावर निघाली. तो तिच्याबरोबर गेला. वाटेत तिनं त्याचा हात धरला. तो घामानं थंडगार झाला होता. वाचनालयाच्या पायऱ्यांशी मुलांची ही गर्दी. मास्क घातलेली, न घातलेली, गळ्यात लटकवलेली. एका पोरानं तिला पाहिलं आणि सगळा घोळका तिच्याकडे धावला. तिनं आपला मास्क नीट केला, एकदा मागे वळून पाहिलं आणि त्या घोळक्यात शिरली.

दुकान उघडायची वेळ होऊन गेली. चष्मेवाला समोरच्या फुटपाथवर उभा राहिला, त्या इमारतीच्या एकेका खिडकीकडे बघत. थोड्या वेळानं पहिल्या मजल्यावरची एक खिडकी उघडली. बायकोनं बाहेर डोकावून त्याला हातानं खूण केली: जा आता.

त्यानं मान हलवली. पाय काही लगेच उचलला नाही.