भिंतीवर टांगलेली रिंग

मित्रांनो, मी एक जुनी जीवरक्षक रिंग आहे. नावेतून कोणी पाण्यात पडले की त्याच्याकडे फेकतात ती गोल, केशरी रिंग. माझ्या अंगावर पांढरे पट्टे आहेत आणि कडेने बारीक दोरी ओवलेली आहे, म्हणजे बुडणाऱ्याच्या हाताला धरायला काहीतरी लागावे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. साच्यातून काढल्यावर एका बाईने मला पाण्याच्या टाकीत दाबून पाहिले. मी उसळून वर आले तेव्हा ती हसली, एवढेच आठवते. पुढे ट्रकने मी बालाघाटला आले आणि तिथून खैरलांजीकडच्या एका घाटावर, वैनगंगेतल्या इंजिनाच्या नावेवर चढले.

नाव होती गजेंद्रभाऊंची. ती चालवायचा तेजराम. पलीकडे जाणारी माणसे, मोटारसायकली, धानाची पोती, शेळ्या, सगळे आमच्याच नावेतून जात. तेजरामने मला आपल्या बसायच्या जागेजवळ खुंटीला अडकवले. चटकन काढता यावे म्हणून मुद्दाम बांधले नाही. एकदा एका बाईने माझ्यावर पिशवी टांगली, तर तो ओरडला, "ओ बाई, काढा ते! हे सामान टांगाले नाही हाय." मला बांधलेला लांब दोर तो रोज उलगडून पाही, गुंता सोडवी आणि पुन्हा वेटोळे करून ठेवी.

एका भादव्यात नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. त्या दिवशी गजेंद्रभाऊ स्वतः नावेत होते. ऐन मध्यावर एक मोटारसायकल कलंडली आणि तिच्या धक्क्याने ते पाण्यात गेले. त्यांना पोहता येत नव्हते. तेजरामने इंजिन बंद केले, मला उचलले आणि फेकले. मी बरोबर त्यांच्या पुढ्यात पडले.

"भाऊ, पकडा! सोडू नोका!"

गजेंद्रभाऊंनी मला अशी मिठी मारली की त्यांच्या नखांचे ओरखडे माझ्या अंगावर उठले. तेजरामने दोर ओढत ओढत त्यांना नावेशी आणले.

दुसऱ्या दिवशी गजेंद्रभाऊ नारळ आणि झेंडूचा हार घेऊन घाटावर आले. मला कुंकू लावून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे रिंग नाही, माही माय हाय. आता इची जागा माह्या घरी."

लोकांनी फोटो काढले. खरे सांगते, मी फुलून गेले होते. एकटा तेजराम पुढे झाला.

"भाऊ, मंग नावेवर काय ठेवू?"

"दुसरी आणतो ना. बालाघाटले गेलो का पहिलं तेच काम."

"तोवर तं इले राहू द्या."

"अरे, देवाले कोणी खुंटीले टांगते का?" असे म्हणून ते मला घरी घेऊन गेले आणि बैठकीत एका खिळ्याला टांगले. लांब दोर भिंतीवर बरा दिसेना, म्हणून तो कापून टाकला.

गजेंद्रभाऊ रोज मला उदबत्ती ओवाळत. पाहुणा आला की माझी गोष्ट सांगत. बालाघाटच्या त्यांच्या फेऱ्याही चालूच होत्या. तिथून नवा टीव्ही आला, पडदे आले. रिंग आली नाही. तेजराम अधूनमधून दारात येऊन विचारी. "हौ रे, ध्यानात हाय माह्या," असे उत्तर मिळे. मग तो माझ्याकडे एकदा बघून निघून जाई. मला मात्र विश्वास होता. पाण्यात श्वास कोंडतो तेव्हा काय होते, हे या माणसाइतके गावात कोणाला ठाऊक होते? हा कसा विसरेल?

पुढच्या वर्षी नदी पुन्हा भरली. पलीकडच्या गावात लसी टोचायला निघालेली नर्स मंजुषा नावेच्या काठावर बसली होती. वाहत आलेले झाड नावेला धडकले आणि ती पाण्यात पडली. नावेतल्या माणसांनी नंतर गजेंद्रभाऊंच्या बैठकीत बसून सांगितले, की तेजरामचा हात आधी त्या रिकाम्या खुंटीकडे गेला. मग त्याने उडी मारली. घाबरलेल्या मंजुषाने त्याच्या गळ्याला मिठी घातली. तरी त्याने तिला नावेपर्यंत आणले. लोकांनी तिला वर ओढून घेतले, पण तेजरामच्या अंगात आता बळ उरले नव्हते. पुढे केलेला बांबू त्याच्या हातून निसटला आणि धारेने त्याला ओढून नेले. तो खूप खाली सापडला. जिवंत नव्हता.

त्या वेळी मी कुठे होते? ताज्या हारात, उदबत्तीच्या धुरात, कोरडी ठणठणीत.

काही दिवसांनी तेजरामची बायको सीता आली. गजेंद्रभाऊ रडत म्हणाले, "सीताबाई, माह्या घरचाच माणूस गेला." ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्यासमोर उभी होती.

"हे इथं काहून हाय?"

तिने माझ्यावरच्या हाराला हात लावला.

"इनं तुमाले वाचवलं म्हणून इची पूजा करता. अन् जो दोर ओढत होता, त्याले काहून रिकाम्या हातानं ठेवलं, भाऊ?"

गजेंद्रभाऊंची मान खाली गेली. सीताने हार तोडला, मला खिळ्यावरून काढले आणि खांद्यावर अडकवून घाटावर नेले. घरून आणलेला विहिरीचा दोर तिने मला स्वतः बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि मागे न बघता निघून गेली.

आता नाव गावातला रवी चालवतो. गजेंद्रभाऊ कधी नावेत आले तर माझ्याकडे पाठ करून बसतात. मलाही त्यांचे तोंड बघवत नाही. मला कोणी टाकून दिले असते, तर मी ते सोसले असते. पण त्यांनी मला माय म्हटले आणि माझ्याच लेकराजवळून, तेजरामजवळून, मला उचलून नेले.

मित्रांनो, आम्हाला हार घालू नका, हात पोचेल तिथे ठेवा. नावेत पाय टाकण्याआधी रिंग कुठे आहे ते बघा. दिसली नाही तर मोठ्या माणसांना मोठ्याने विचारा. आणि ते "आणतो ना" म्हणाले, तर ती येईपर्यंत काठावरच उभे राहा.