पीठ वाहणारा जुमा

मी एक जुना मातीचा हमाल आहे. करंगळीएवढा. डोक्यावर पिठाची गोणी, आणि हातात बंदूक नाही. मित्रांनो, माझं नाव जुमा. मातीच्या माणसाला कुठं नाव असतं का, असं तुम्ही म्हणाल. मला मिळालं. ते कसं मिळालं, तेच सांगतो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. कळंबला फकरुद्दीन नावाचे पेन्शनर शिपाई राहत. पहिल्या मोठ्या लढाईत इंग्रजांच्या पलटणीबरोबर ते पार आफ्रिकेत जाऊन आले होते. तिथल्या जंगलात जर्मनांशी लढताना त्यांचा पाय मोडला, तो कायमचा लंगडा झाला. म्हातारपणी त्यांनी त्याच लढाईचा खेळ मांडला. अंगणात जुन्या दाराची रुंद फळी आडवी टाकली आणि त्यावर त्यांच्या बीबीनं, बेगमबीनं, जंगल उभं केलं.

काय जंगल होतं ते! ज्वारीची धसकटं धुऊन तिनं उलटी रोवली. मुळ्या वर आल्या आणि आफ्रिकेतली झाडं झाली. वाळक्या दोडक्याची जाळी हिरव्या रंगात बुडवून झुडपं केली. झाडांवरून अंबाडीच्या धाग्यांच्या वेली सोडल्या. जुन्या निळ्या ओढणीची नदी झाली आणि मधोमध काडेपेट्यांचा किल्ला. हे मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं. तेव्हा मी अजून ओढ्याकाठची काळी माती होतो.

खेळ सोपा होता. दोन्हीकडं वीस-वीस मातीचे शिपाई. आपली पाळी आली की वीतभर सरकायचं. गोळी घालायची तर पाच कवड्या फेकायच्या. तीन उताण्या पडल्या की नेम लागला. किल्ल्यात आधी शिरेल तो जिंकला. फकरुद्दीन नेहमी इंग्रज होत आणि नेहमी जिंकत. बाजारच्या दिवशी तर अंगणात उभं राहायला जागा नसे.

अशाच एका बाजारी येरमाळ्याचा सिदू घोंगड्या विकून तिथं आला. हा मेंढरं राखणारा माणूस. फकरुद्दीनच्याच वेळी तो आफ्रिकेत खेचरं हाकायला गेला होता. त्यानं फळीभोवती एक चक्कर मारली.

"फकरूभाई, जंगल लई झ्याक झालंय. पर ह्यात माणसंच न्हाईत."

"मग हे चाळीस शिपाई काय शेरडं आहेत?" फकरुद्दीन म्हणाले. लोक हसले.

सिदू हसला नाही. "ह्यांचं पीठ कोन वाहतंय? खेचरं तर म्हैन्यात मेली. मग सगळं त्या मुलखातल्या हमालांच्या डोक्यावर आलं. मला ताप भरला, तवा त्यातल्याच जुमानं मला दोन दिस चिखलातनं पाठीवर नेलं. त्यो कुठं हाय हितं?"

"लढाई बंदुकीनं होते, सिदू. पिठानं नाही."

पुन्हा लोक हसले. सिदूनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि बेगमबीनं आणलेल्या चहाला हातही न लावता निघून गेला.

त्या दिवशी फकरुद्दीन धड जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बेगमबीनं उरलेल्या मातीत कापूस कुटला आणि मला घडवायला घेतलं. हात झाले, पाय झाले. मग ती सहज म्हणाली, "अवो, ओझं डोक्यावर कसं ठिवत व्हते ती माणसं?"

मग फकरुद्दीन जवळ येऊन बसले आणि त्यांनी आपल्या बोटांनी माझ्या डोक्यावर चुंबळ वळली, तिच्यावर गोणी ठेवली.

"माझा पाय मोडला ना, बेगम, तेव्हा चौघांनी मला झोळीतून नदीपार काढलं. गळ्यापर्यंत पाणी होतं. सिदूनं त्याच्या माणसाला नाव तरी विचारलं. मी चौघांतल्या एकालाही विचारलं नाही."

त्या सकाळी मातीचे बारा हमाल तयार झाले. आम्ही चुलीच्या राखेत भाजून निघालो आणि येरमाळ्याला निरोप गेला.

पुढच्या बाजारी सिदू आला. फकरुद्दीननी सगळ्यांसमोर नवा नियम सांगितला: ज्या शिपायाच्या वीतभर अंतरात हमाल नाही, तो उपाशी, त्यानं जागचं हलायचं नाही. मग सहा हमाल स्वतःकडं ठेवून सहा सिदूपुढं मांडले. सिदूनं मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो जुमा."

मित्रांनो, त्या क्षणी मी कोण आहे ते मला कळलं!

खेळ सुरू झाला. फकरुद्दीन जुन्या सवयीनं मुसंडी मारून पुढं गेले. त्यांचे हमाल मागंच राहिले आणि किल्ला चार बोटांवर असताना त्यांची पलटण उपाशी अडकली. सिदू मात्र कोकरं मधे घालून कळप हाकावा तसा आम्हाला मधे ठेवून सावकाश आला. होता होता फकरुद्दीनच्या गोळ्यांनी त्याचे पाच हमाल पडले. मी एकटा नदीकाठी उरलो. मी पडलो की सिदूची पलटणही तिथंच थांबणार होती.

फकरुद्दीननी कवड्या हातात घेतल्या, माझ्याकडं पाहिलं आणि खाली ठेवल्या. "जुमावर गोळी नाही चालवायची मला."

सिदू भडकला. "टाक कवड्या! भीक घालून जिंकवतूस व्हय? मग म्या चाललो येरमाळ्याला."

"अवो, टाका की!" बेगमबीही ओरडली.

कवड्या उडाल्या. दोन उताण्या पडल्या, दोन पालथ्या. पाचवी कडेवर भिरभिर फिरली, फिरली आणि पालथी झाली!

सिदूनं मला नदीपार ठेवलं, मागोमाग शिपाई नेला आणि थेट किल्ल्यात घातला. अंगणात एकच कल्ला झाला. आनंदाच्या भरात सिदूनं फेटा उडवला, तो फळीवर पडला आणि अर्धं जंगल अख्ख्या इंग्रज पलटणीसकट माझ्यावर कोसळलं. माझ्या डाव्या पायाचा अंगठा गेला तो तेव्हा. सगळ्यांत मोठ्यानं हसत होते फकरुद्दीन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"सिदू, पुढच्या बाजारी जुमा माझ्याकडं," ते म्हणाले.

"जुमा न्हाय मिळायचा. तू दुसरा घडव, आन त्याला नाव ठिव."

मग दोघं एकाच ताटात जेवायला बसले. पुढं कितीतरी बाजार ते दोघं खेळले आणि भांडले. भांडण मात्र एकाच गोष्टीवरून होई: जास्त हमाल कोणाला.

आता मी एका संग्रहालयात काचेच्या कपाटात असतो. येणारे मला लांबून बघतात, "किती जुना!" म्हणतात आणि पुढं जातात. मित्रांनो, तुमच्या घरात असं एखादं खेळणं गप्प पडून असेल, तर त्याची धूळ पुसा, हळूच कमरेला धरून बाहेर काढा आणि त्याच्याशी खेळा. मलाही काढा. चार धसकटं आणा, एक जंगल उभं करा. फक्त मला पुढच्या रांगेत ठेवू नका. मधे ठेवा. पीठ माझ्याकडं आहे.