तीनशे ग्रॅम

यादीवाली बाई येणार म्हणून थोरल्याने सकाळपासून तीनदा दुकान झाडलं. दुकान म्हणजे व्यायामशाळेच्या जिन्याखालची खोली. वर मुलं बॉक्सिंग शिकायची आणि खाली हा त्यांचे फाटलेले ग्लोव्ह्ज शिवायचा, उसवलेल्या पंचिंग बॅगांमध्ये चिंध्या ठासून त्यांची तोंडं पुन्हा बंद करायचा. बहात्तर वर्षांचा झाला होता. जन्मभर ठोशांवर पोट भरलं, पण स्वतः कधी कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. मारायचं काम धाकट्याकडे होतं.

धाकटा आतल्या खोलीत पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता. लावून झाल्या की सोडायच्या आणि पुन्हा लावायच्या. एकेकाळी पोस्टरवर त्याला 'टोळ' म्हणून छापायचे, कारण तो रिंगणात एका जागी म्हणून ठरायचा नाही. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता सहासष्टाव्या वर्षी त्याला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. वहिनीला तो कधी वहिनी म्हणे, कधी आई म्हणे, आणि एकदा तर नर्सबाई म्हणून तिला ताप मोजायला सांगितला होता. पण आपण लाइटवेटचे जगज्जेते झालो होतो, हे तो विसरला नव्हता. ती लढत, ते दहा राउंड, तो पट्टा, सगळं जिथल्या तिथे होतं. बाकी घराची पडझड झाली तरी एवढी खोली शाबूत होती, आणि थोरला तिची राखण करायचा.

यादीवाल्या बाईचं काम तसं जगावेगळंच. लाइटवेटचा जगज्जेता कोण कधी झाला, किती दिवस राहिला आणि कसा गेला, याची ती पस्तीस वर्षं यादी करत होती. पूर्वी बरं होतं. वजन एक, पट्टा एक, मालक एक. एकाने बेचाळीस राउंड खेळून पट्टा राखला, दुसऱ्याने सात वर्षं तो कुणाला हातही लावू दिला नाही. मग संघटनांची भाऊबंदकी सुरू झाली आणि वडिलोपार्जित जमिनीसारखे पट्ट्याचे तुकडे पडले. एकाचे दोन, दोनाचे तीन, तिनाचे चार. जग एकच, पण त्याला जिंकलेले एकाच वजनाचे चार चार जण एकाच वेळी हिंडू लागले. त्यांतला प्रत्येक जण म्हणणार, खरा मीच. बाईच्या यादीत हे सगळं कोरड्या शब्दांत असे: लढतीत गमावला, निवृत्तीने सोडला, वरच्या वजनात गेला, वजनकाट्यावर गमावला. टोळाच्या नावापुढे होतं, अठ्ठ्याण्णव दिवस.

बाई आली ती पाणीसुद्धा न घेता बसली. साठीची, सडपातळ, चष्मा गळ्यात लोंबकळणारा. तिने पिशवीतून एक फोटो काढला आणि शिवणाच्या टेबलावर ठेवला.

"हा टॉवेल धरलाय ते तुम्हीच ना?" तिने विचारलं.

थोरल्याने फोटो जवळ ओढून पाहिला. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा तो स्वतः. टॉवेलचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं टोळाला शिकवणाऱ्या उस्तादांच्या हातात, आणि मध्ये वजनकाट्यावर उघडा टोळ, कमरेपर्यंत टॉवेलच्या आड. टोळाचे दोन्ही तळवे टॉवेलच्या वरच्या काठावर होते. काठ मध्ये खाली वाकला होता. थोरल्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या.

"मीच," तो म्हणाला.

"साधा टॉवेल धरायला एवढा जोर लागतो?"

त्याने आरी उचलली आणि परत ठेवली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

"हे बघा, मी पोलीस नाही," बाई म्हणाली. "वजन घेणारा अधिकारी गेला, तुमचे उस्तादही गेले. नुसत्या फोटोवर मी यादी बदलणार नाही. हात टॉवेलवर टेकलेले असणं वेगळं आणि दाबलेले असणं वेगळं. ते फक्त टॉवेल धरणाऱ्याला माहीत. पण डावखुरा अजून आहे. आजारी आहे, फार दिवस काढेल असं वाटत नाही. दर वर्षी मला एक पत्र लिहितो. म्हणतो, मी हरलो हे खरं, त्या पोराने मला चोख हरवलं. पण पट्टा त्या दिवशी पणाला लागलेलाच नव्हता. पुस्तक सोमवारी छापायला जातंय. यानंतर मी काही नवी आवृत्ती काढणार नाही, माझेही डोळे गेले. मी उद्या सकाळी परत येते."

डावखुरा म्हणजे टोळाच्या आधीचा जगज्जेता. अकरा वेळा पट्टा राखलेला आणि टोळाकडून हरल्यावर पुन्हा रिंगणात न उतरलेला माणूस. नियम साधा होता. लाइटवेट म्हणजे एकसष्ट किलो दोनशे. आव्हान देणारा त्याहून जड भरला तर लढत होऊ शकते, पण तो जिंकला तरी पट्टा त्याला मिळत नाही, असलेल्या जगज्जेत्याकडेच राहतो. म्हणजे टोळ जड होता असं ठरलं तर डावखुरा कधी हरलाच नाही, पट्टा घेऊनच निवृत्त झाला. आणि टोळ मग कधीच काही झाला नाही.

बाई गेल्यावर थोरल्याने एक फाटका ग्लोव्ह शिवायला पुढ्यात ओढला, पण डोळ्यांसमोर ती पहाट होती.

खरं तर सगळी चूक एका पेलाभर पाण्याची. वजनाच्या दिवशी पहाटे टोळ खोलीच्या फरशीवर पडून होता. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही, घाम काढायला अंगावर प्लास्टिकचा सूट, शेजारी थुंकायचा डबा. जीभ चामड्यासारखी झाली होती. उस्तादांनी बजावलं होतं, काही झालं तरी पाणी द्यायचं नाही. उस्ताद अंघोळीला गेले आणि टोळ हळूच म्हणाला, "दादा, एकच घोट." थोरल्याने पेला भरून दिला. घोट कसला, टोळाने तो रिकामा करूनच खाली ठेवला. परक्या प्रशिक्षकाने दिला नसता. सख्ख्या भावाने दिला.

काट्यावर एकसष्ट पाचशे भरले. तीनशे ग्रॅम जास्त. तासाभराची मुदत मिळाली. टोळ दोरीवर उड्या मारत राहिला, पण त्याच्या अंगात घामच उरला नव्हता. मग अंगावरचा शेवटचा कपडाही उतरवायचा, म्हणून आड धरायला टॉवेल आला. थोरला एका बाजूला, उस्ताद दुसऱ्या बाजूला. टोळ काट्यावर चढला तेव्हा थोरला ओठ न हलवता म्हणाला, "दाब." टोळाने टॉवेलवर भार टाकला, तो भार या दोघांच्या खांद्यांनी झेलला आणि काटा एकसष्ट दोनशेवर येऊन थांबला. अधिकारी काट्याकडे बघत होता. टॉवेलकडे कोण बघतं?

टोळाने दहाव्या राउंडमध्ये डावखुऱ्याला झोपवलं. ती मारामारी अस्सल होती, तिच्यात लबाडी नव्हती. पुढे अठ्ठ्याण्णव दिवसांनी पट्टा गेला, आणि खरी दैना तिथून सुरू झाली. माजी जगज्जेता म्हटलं की तिकिटं खपतात, म्हणून त्याला अकरा वर्षं गावोगाव उभा केला. नवशिक्या पोरांना नाव कमवायला एक डोकं हवं असे, ते याचं असे. थोरला प्रत्येक वेळी कोपऱ्यात स्टूल घेऊन उभा. त्या दिवशी वजन जड भरलं असतं तर दोघे मान खाली घालून घरी आले असते, टोळ कुठेतरी नोकरीला लागला असता, आणि आज त्याला वहिनी ओळखू आली असती. थोरल्याला हे कळत होतं. कळून काय उपयोग, हे पण कळत होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," बायको भाकरीचं पीठ बाजूला सारत म्हणाली. तिने आतून सगळं ऐकलं होतं. "ती एक्केचाळीस वर्षं झाकली ना? मग आता कशाला उघडता?"

"तो माणूस मरायला टेकलाय."

"आणि भाऊजी? त्यांच्याकडे दुसरं आहे काय? सगळं गेलं त्यांचं. एवढं एक आहे, ते तुम्ही तुमच्या हाताने काढून घेणार? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून?"

हे त्याला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. कबुली देणाऱ्याला हलकं वाटतं आणि ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं. पण गप्प राहिलं तर डावखुऱ्याचं काय? त्याचा काय गुन्हा? शेवटी थोरल्याने ठरवलं की पट्टा टोळाचा आहे, तर आधी टोळाला विचारायचं. त्याने नाही म्हटलं तर बाईला दारातूनच परत पाठवायचं.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तो टोळाशेजारी पलंगावर बसला. मोजे बाजूला केले. सगळं सांगितलं. पाणी, काटा, टॉवेल, फोटो, डावखुऱ्याची पत्रं. टोळ भिंतीकडे बघत होता. थोरल्याला वाटलं, एक शब्द पोचला नसणार.

"पेला पितळेचा होता," टोळ म्हणाला.

थोरल्याने मान वर केली. भावाचे डोळे स्वच्छ होते, कित्येक महिन्यांत नव्हते एवढे.

"मीच मागितलं होतं पाणी. तुझी काय चूक?" टोळ म्हणाला. "पट्टा त्याचाच होता, दादा. सांगून टाक बाईला."

"तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल की. पण मला केव्हाचं सांगायचं होतं. तुझ्याकडे बघून गप्प बसलो. त्या पट्ट्याचं माझ्यापेक्षा तुलाच जास्त कौतुक."

थोरला रडला. बहात्तराव्या वर्षी, धाकट्या भावाच्या मांडीवर डोकं ठेवून, हुंदके देत रडला. टोळ त्याच्या पाठीवर थोपटत राहिला, लढतीनंतर हरलेल्याच्या पाठीवर थोपटतात तसा. मग दोघे जेवले आणि त्या रात्री थोरल्याला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली.

सकाळी बाई ठरल्या वेळेला आली. तिने निवेदन टाइप करून आणलं होतं, अर्ध्या पानाचं. टॉवेल मी धरला होता, माझ्या सांगण्यावरून वजन टॉवेलवर टाकलं गेलं, खरं वजन तीनशे ग्रॅम जास्त होतं. थोरल्याने ते दोनदा वाचलं. चूक काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात टोळ आतून आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून चापून बसवलेले. पाहुणी आलीय एवढं त्याला कळलं होतं.

"नमस्कार बाई," तो म्हणाला. "ओळखलंत का? मी टोळ. लाइटवेटचा जगज्जेता. डावखुऱ्याला दहाव्या राउंडमध्ये पाडला होता मी, असा, खालून." त्याने हात फिरवून दाखवला. पायांची जागा अजून बरोबर पडली.

थोरल्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. काल संध्याकाळचं तिथे काहीही नव्हतं. सांगून टाक म्हणणारा माणूस रात्रीतून निघून गेला होता, आणि हा जो समोर हसत उभा होता त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"टोळ्या, आपण काल बोललो ना?" त्याने तरी विचारलं.

"काय बोललो?"

बायको दारात उभी होती. तिचं सगळं म्हणणं तिच्या तोंडावर होतं. पुन्हा सांगावं, पुन्हा हो मिळवावं? आणि उद्या? आणि परवा? थोरल्याला वाटलं, कागद फाडावा आणि बाईला वाटेला लावावं. मग त्याला तो कालचा आवाज आठवला, पट्टा त्याचाच होता म्हणणारा. तो टोळाचाच आवाज होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्याने पेन घेतलं आणि कागदावर सही केली.

"सही घेताय होय?" टोळाचा चेहरा फुलला. "मग माझी नको? द्या इकडे."

त्याने खुर्ची ओढली, पेन थोरल्याच्या हातातून काढून घेतलं आणि कागदावर ओणवा झाला. त्याला थांबवायला हवं होतं. थोरल्याचा हात पुढे झालाही, पण तो पोचेपर्यंत टोळाने भावाच्या सहीखाली आपलं नाव मोठ्या गोल अक्षरांत काढलं होतं, जसं पूर्वी पोस्टरांवर काढून द्यायचा. त्याखाली त्याने लिहिलं, लाइटवेट जगज्जेता. लिहून झाल्यावर त्याने कागद लांब धरून पाहिला. वरचा मजकूर त्याने वाचला नाही. सही मागणाऱ्याचा कागद कुणी वाचत नाही.

"ही शेवटची ओळ..." बाई थोरल्याला हळू आवाजात म्हणाली. "खोडू का?"

"नको," थोरला म्हणाला. "तशीच राहू द्या."

बाईने कागद फाइलमध्ये ठेवला. टोळ तिला दारापर्यंत सोडायला गेला आणि चौकटीत थांबून त्याने तिच्यासमोर भावाकडे बोट दाखवलं.

"दादाची पण सही घेतलीत, बरं केलंत," तो म्हणाला. "हा नसता ना बाई, तर मी त्या दिवशी वजनातच बसलो नसतो."