रंगपंचमीपर्यंतची मुदत

कल्याणच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या आनंदराव कर्णिकांनी गळाला कधी गांडूळ म्हणून लावलं नाही. रेल्वेतला एक गोरा इंजिनीयर मायदेशी जाताना आपली लवचीक काठी, रीळ आणि पिसांच्या खोट्या माश्यांची डबी त्यांना देऊन गेला, आणि तेव्हापासून मास्तरांच्या डोक्यात एकच खूळ बसलं. पिसाला भुलून आलेला एक तरी मासा आपल्या हाताने काढायचा.

डबीतल्या माश्या लवकरच कसरीने खाल्ल्या. तेव्हा त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी भरतकामाचा रेशमी धागा आणि शेजारच्या गोदूबाईंच्या कोंबड्याची पिसं घेऊन नव्या बांधून दिल्या. शास्त्र मास्तरांकडे, कला बाईंकडे, अशी वाटणी झाली. पाणी किती गार आहे, काठावरचा माणूस माशाला कोणत्या कोनातून दिसतो, मनगटाला झटका कधी द्यायचा, सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं. मासा मात्र त्यांना भीक घालत नव्हता. दर रविवारी ते टिटवाळ्याला काळू नदीवर जायचे आणि ओला दोर तेवढा घेऊन यायचे. तो माजघरात वाळायचा. कायस्थाच्या घरात मासा शेवटी बाजारातूनच येतो, म्हणून आळीत थट्टा व्हायची ती वेगळीच.

एकदा कणकेच्या परातीत पीस निघालं आणि बाईंचा धीर सुटला. रंगपंचमीपर्यंत नदीतला मासा माझ्या चुलीवर चढला नाही, तर काठी माळ्यावर जाईल, असं त्यांनी बजावलं. मास्तरांनी ऐटीत मान डोलावली. रंगपंचमी सोमवारी होती, म्हणजे आदला रविवार हातात होता. पंचमीच्या आदल्या दिवशी चतुर्थी असते, एवढं साधं गणित काही या विद्वानाला सुचलं नाही.

तो रविवार उजाडला तेव्हा बाईंचा संकष्टीचा उपास होता. दर्शनाला टिटवाळ्याला जायचंच होतं, म्हणून त्याही निघाल्या. गणपतीपुढे नारळ फोडून दोघं नदीवर आली. बाई करंजाच्या सावलीत बसल्या आणि पाण्यावर भिरभिरणारे किडे बघू लागल्या. साहेबाच्या माशीसारखी ऐट त्यांच्यात नव्हती. काळसर, बारकुडे होते बिचारे. बाईंनी मास्तरांना हाक मारली, त्यांच्या माशीची लाल शेपटी दातांनी तोडली आणि पिसं कातरून निम्मी केली. मास्तरांचा जीव तुटला.

मग त्यांनी फेक टाकली. दोर हवेत अलगद उलगडला आणि माशी डोहाच्या कडेला अशी उतरली, की पाण्यावर वळसुद्धा उठला नाही. बाई पहिल्यांदाच ते पाहत होत्या. बघता बघता पाणी फुटलं, काठी वाकली, रीळ किरकिरलं. बऱ्याच झटापटीनंतर सोनेरी खवल्यांचा एक देखणा खडस मास्तरांच्या ओंजळीत आला. एवढं सुख त्यांना नोकरी कायम झाली तेव्हाही झालं नव्हतं.

"आज संकष्टी आहे," बाई हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी एकवार माशाकडे पाहिलं, गळ सोडवला आणि त्याला पाण्यात धरून ठेवलं. शेपटीचा फटकारा देऊन तो निघून गेला. वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्यापूर्वी त्यांनी स्टुलावर चढून काठी माळ्यावर टाकली. बोली ती बोली.

संध्याकाळी ते घरी परतले, तर बाई खिडकीशी बसलेल्या. उशीला गळ टोचलेला, तोंडात काळा धागा आणि मांडीवर पिसांचा ढीग.

"आता हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"तुमची काठी माळ्यावर गेली, ठरल्याप्रमाणे," बाई धाग्याला गाठ मारत म्हणाल्या. "आता माझी खाली काढा. आणि तो मनगटाचा झटका मला शिकवा. पुढल्या रविवारी चतुर्थी नाही, मी बघून ठेवलंय."