मडमेची बाल्कनी आणि पाणक्यांचा जिना

आक्काचं डोकं त्या दिवशी चौकात पोचायच्या आधीच तापलं होतं. सव्वीस वर्षं पायाला भिंगरी लावून जुन्या शहरात पाहुण्यांना फिरवणारी बाई ती. सचिवालयाचे खांब किती आणि त्यातले तडकलेले किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आणि तिची म्हणे आज परीक्षा! घेणार कोण, तर वारसा कार्यालयात सात महिन्यांपूर्वी चिकटलेला एक गृहस्थ, ज्याला पोस्ट कुठलं आणि जकातीची कचेरी कुठली हे पाटी वाचल्याशिवाय कळत नव्हतं. आता बोला.

झालं होतं असं. कार्यालयानं नऊ पानांचा एक मजकूर छापून घेतला होता. मंजूर मजकूर. यापुढे प्रत्येक गाइडनं तेवढंच बोलायचं, कमी नाही की जास्त नाही. परीक्षक गटाबरोबर चालणार, हातातल्या तक्त्यावर खुणा करणार, शेवटी गाइडची सही घेणार. जो मजकूर सोडून बोलेल त्याचा बिल्ला तिथल्या तिथे काढून घेणार. आणि बिल्ल्याशिवाय कार्यालयाची फेरी काढायची म्हटलं तर गार्ड दंडाला धरून बाहेर काढतात.

नऊच्या नऊ पानं आक्काला तोंडपाठ होती. तिचं दुखणं वेगळंच होतं. त्या नऊ पानांत जिना नव्हता.

जुन्या कोर्टाच्या पाठीमागे एक बोळ आहे, आणि त्या बोळात भिंतीला चिकटून वर जाणारा लोखंडी गोल जिना आहे. समोरचा जिना संगमरवरी, चार माणसं हातात हात घालून चढतील एवढा रुंद. तो साहेबांचा आणि वकिलांचा. मागचा जिना पाणक्यांचा. आक्काची आई अकराव्या वर्षापासून त्या जिन्यानं पाणी वर नेत होती, गोऱ्यांचं राज्य जाईपर्यंत. कुठल्या पुस्तकात त्या जिन्याबद्दल अक्षर नाही, कुठल्या फलकावर नाही. आईनं सांगितलं ते आक्का रोज तिथे उभी राहून सांगायची, एवढंच. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. कार्यालयाचं म्हणणं असं की त्या जिन्यापाशी पाहुण्यांचे चेहरे उतरतात, मग पुढे त्यांचा उत्साह राहत नाही. एक तारखेपासून बोळाच्या तोंडाला कुलूप लागणार होतं.

सकाळी पोपटनं तिला बाजूला घेऊन समजावलं होतं. पोपट म्हणजे आक्काच्याच बरोबरीनं या धंद्यात आलेला गाइड. दिलेलं कसं धडाधडा म्हणून दाखवायचा, म्हणून पोपट. तो म्हणाला, आजचा एक दिवस तोंडाला कुलूप घाल, सही कर, मग पुढे तू आणि तुझा जिना, कोण बघायला येतंय.

"सही कशावर करायची, वाचलंस का?" आक्कानं विचारलं. "मजकूर पूर्ण आहे, त्यात काही राहिलेलं नाही, असं लिहिलंय खाली. माझी आई राहिलेली नाही, असं मी माझ्या हातानं लिहून देऊ?"

पोपटनं मान खाली घातली. त्यानं आदल्याच दिवशी सही केली होती.

पण राग काय नुसता कार्यालयावर होता? तसं असतं तर सोपं होतं. आक्काला स्वतःचाही राग होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

गाइड लोकांची एक रीत असते. गट चालायला लागला की कोणीतरी मागे रेंगाळतंच. कुणाचे गुडघे, कुणाचा कॅमेरा, कुणाचं लग्नाआधीचं भांडण. मागचे येईपर्यंत पुढच्यांना थोपवून धरायचं, आणि तेही त्यांना न कळू देता. मग गाइड सावली बघून उभी राहते आणि काहीतरी सांगायला घेते. वीस वर्षांपूर्वी अशाच एका उन्हाच्या दिवशी एका जाड्या गृहस्थांच्या बुटाचा तळवा निघाला आणि ते पार पोस्टापाशी बसून राहिले. पुढचे तेरा जण कोर्टाच्या बाजूच्या एका बाल्कनीखाली सावलीत उभे. आक्काच्या तोंडाला जे आलं ते तिनं ठोकून दिलं. म्हणाली, या बाल्कनीत रोज संध्याकाळी गव्हर्नरची मडम उभी राहायची, नवऱ्याच्या जहाजाची वाट बघत. जहाज काही आलं नाही.

लोकांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी आक्कानं पुन्हा सांगितली, कारण मागे पुन्हा कोणीतरी राहिलं होतं. पोपटनं ऐकली आणि मडमेच्या पायाशी एक कुत्रा बसवला. तिसऱ्या कुणी तिला खोकला लावून दिला. मग तिथे पितळी पाटी आली. खालच्या मजल्यावर मडमेच्या नावानं चहाचं दुकान निघालं. आणि आता मंजूर मजकुरात मडमेला चांगलं दीड पान मिळालं होतं. एवढी पानं कुठून काढायची, म्हणून जिना काढला. आपण फेकलेल्या एका थापेनं आपल्याच आईला उठवून तिची जागा घेतली, हे आक्काला महिनाभर आतून खात होतं.

दहाला फेरी निघाली. गट चौदा जणांचा, पंधरावा परीक्षक. सचिवालय झालं, पोस्ट झालं. आक्का शब्दाला शब्द म्हणत होती, परीक्षक खुणा करत होता आणि दर खुणेला मान हलवत होता, जसं काही ते खांब त्यानंच उभे केले होते. मग गट बाल्कनीखाली आला.

मडम उभी राहिली, जहाज गेलं, कुत्रा आला. तांबडा कुत्रा, आक्का म्हणाली.

परीक्षक खाकरला. कुत्रा पांढरा होता, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं आणि तक्त्यावर फुली मारली.

आक्का त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्याच मडमेच्या न झालेल्या कुत्र्याचा रंग तिला हा माणूस शिकवत होता. तरीही ती गप्प बसली असती. खरंच बसली असती. पण गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि सबंध जन्म पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईची नजर काही सुटत नाही. त्यांनी बाल्कनीकडे पाहिलं, मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, बंदर तर इमारतीच्या पाठीमागे आहे, मग इथून जहाज दिसायचं कसं?

वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. परीक्षकानं घाईघाईनं पानं उलटली आणि सांगितलं की माहिती पक्की आहे, खाली आधारही दिलेला आहे: जुन्या जाणकारांकडून मिळालेली माहिती.

"ती जुनी जाणकार मीच," आक्का म्हणाली.

मग तिनं वर बाल्कनीकडे बोट केलं.

"ही मडम इथे कधी उभी नव्हती. त्या गव्हर्नरचं लग्नच झालं नव्हतं. वर कागदाचे गठ्ठे ठेवायची खोली होती. एका गृहस्थांचा बूट फाटला, ते मागे राहिले, म्हणून मी तिला जन्माला घातलं. कुत्रा दुसऱ्यानं घातला. तो कुठल्या रंगाचा ते त्यालाच विचारा. मी खोटं बोलले, आणि वीस वर्षं बोलत राहिले. आता खरं आहे ते दाखवते, चला."

मजकुराप्रमाणे पुढचा थांबा भेटवस्तूंचं दुकान होतं, उजवीकडे. आक्का डावीकडे वळली. परीक्षक मागून हळू आवाजात सांगत होता की आक्का, विचार करा, अजून मी याची फुली मारलेली नाही, अजून वेळ गेलेली नाही. त्याचा आवाज तसा वाईट नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं. सव्वीस वर्षांचा बिल्ला होता तो. आक्कानं तो एकदा मुठीत धरला. तरी पाय थांबले नाहीत.

बोळात गारवा होता आणि ओल्या चुन्याचा वास. गुडघेवाले तिघे खाली थांबले. बाकीचे एकेक करून आक्कामागे चढले, कारण तो जिना दोघांना मावतच नाही. बासष्ट पायऱ्या. कठडा एकाच बाजूला. आक्का चढता चढता सांगत होती की आईच्या दोन्ही हातांत डबे असायचे, तेव्हा तो कठडा असून नसून सारखाच. दिवसाला आठ खेपा. पावलं निसटू नयेत म्हणून अनवाणी, आणि उन्हाळ्यात हे लोखंड असं तापायचं की आई चौथ्या खेपेपर्यंत पायऱ्या मोजायची आणि नंतर नुसते डबे बघायची, पाणी हिंदकळलं तर पुन्हा खाली.

वर एक अरुंद पडवी आहे. तिथून साहेब लोक आपापल्या खोल्यांत जायचे. पाणक्यांना नियम असा, की साहेब येताना दिसला की डबे खाली ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तो निघून जाईपर्यंत. आईनं सहा वर्षांत त्या कोर्टात कुणाचं तोंड पाहिलं नाही, बुटांचे आवाज तेवढे ऐकले. एकदाच तिनं मान वळवली. बडा न्यायाधीश टोप काढून चालला होता आणि त्याच्या डोक्यावर एक केस नव्हता. त्या पाहण्यापायी तिला पंधरा दिवस अंगणातलं गवत उपटायला लावलं. पण मरेपर्यंत आई ते पोट धरून हसत सांगायची.

"आता सगळे भिंतीकडे तोंड करा," आक्का म्हणाली.

तिनं आवाज चढवला नाही. रोज म्हणायची तसंच म्हणाली. अकरा माणसं फिरली. आक्का त्यांच्या पाठीमागून चालायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, टाचा आपटत, अगदी सावकाश. फरशीवर एकेक पाऊल वाजत होतं. मुख्याध्यापिकाबाईंचे खांदे ताठ झाले. एका तरुण नवऱ्यानं बायकोचा हात पकडला. आणि रांगेच्या शेवटी आक्काला बारावी पाठ दिसली. तक्ता छातीशी धरून परीक्षकसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिनं सांगितलं आणि तो फिरला होता. विचार करायला त्याला वेळच मिळाला नाही. त्याच्या मानेवर घाम होता. आक्का त्याच्या पाठीमागून गेली, तशीच सावकाश.

मग तिनं सगळ्यांना वळायला सांगितलं. परीक्षक वळला तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. माणसाला आपण काय केलं ते कळलं की तो ते कुणाच्या तरी माथी मारतो. त्यानं फुली मारली, इतक्या जोरात की कागद फाटला, आणि हात पुढे केला. बिल्ला, म्हणाला.

आक्कानं तो स्वतःच गळ्यातून काढला.

"घ्या. पण कारण नीट लिहा. मजकूर विसरली, असं लिहू नका. पाठ होता आणि म्हटला नाही, असं लिहा. त्याखाली सही करते मी."

त्यानं लिहिलं. तिनं सही केली, आणि ती लफ्फेदार केली. एरवी तिची सही म्हणजे नुसती रेघ.

खाली आल्यावर परीक्षकानं सगळ्यांना सांगितलं की फेरी इथेच थांबवण्यात आली आहे, मंडळींनी कारंज्यापाशी बसावं, अर्ध्या तासात कार्यालय दुसरा गाइड पाठवेल. आक्काकडे वळून तो म्हणाला की तुम्हाला आता या लोकांना काही दाखवता येणार नाही.

"मी कुठे दाखवतेय? मी घरी चाललेय," आक्का म्हणाली. "माझं घर जकातीच्या कचेरीपलीकडे आहे, रस्ता हाच. आणि मला चालताना मोठ्यानं बोलायची सवय आहे. सवयीला बिल्ला लागत नाही."

ती निघाली. गाइड गटाकडे तोंड करून उलटी चालते. सव्वीस वर्षं आक्का या रस्त्यांवर उलटीच चालत आली होती, टाचेला दगड ओळखून. आज ती पहिल्यांदा सरळ चालत होती, लोकांकडे पाठ करून. आणि मागे कोणी आहे की नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता. वळून बघायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. बघितलं आणि रस्ता रिकामा दिसला, तर मग पुढचं बोलवणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

जकातीच्या कचेरीसमोर ती थांबली नाही, नुसती हळू झाली. मजकुरात या इमारतीची घंटा होती, घड्याळ होतं, छताचं लाकूड कुठून आणलं तेही होतं. आक्का बोलायला लागली. म्हणाली, या दारातून रोज गाठोडी आत जायची आणि ती वाहणाऱ्या हमालांना या दारातून जायला मनाई होती, गाठोडं उंबऱ्यापर्यंत आणून आत ढकलायचं आणि मागे सरायचं, तो उंबरा बघा किती झिजलाय. एक मोटार भोंगा वाजवत गेली आणि त्या आवाजात तिचं वाक्य बुडालं. मागे काहीच ऐकू आलं नाही. आपण भर रस्त्यात एकट्याच बडबडत चाललो आहोत असं तिला वाटलं, आणि लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा संताप आला. तरी तिनं पुढचं वाक्य सुरू केलं.

"आक्का, जरा मोठ्यानं," मागून कोणीतरी म्हणालं. "आम्हा मागच्यांना ऐकू येत नाही."

आक्कानं घसा खाकरला आणि उंबऱ्याचं सगळं पहिल्यापासून, सबंध रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा सांगायला घेतलं.